लो केलेली गाडी वर उचलायची कशी? सगळी गोची पहिल्या तीन-चार सेंटीमीटरची

पुण्यात बाईक लो करून (म्हणजे तिची उंची कमी करून) घेणारे दोन प्रकारचे लोक आहेत. एकांना गाडी जमिनीला चिकटलेली दिसायला हवी असते, त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही, प्रत्येकाची हौस. दुसरे म्हणजे ज्यांना सिग्नलला दोन्ही पाय नीट टेकले पाहिजेत एवढंच हवं असतं. रॉयल एनफिल्डची हिमालयन 411 घ्या, सीटची उंची 80 सेंटीमीटर, वजन 199 किलो, आता पाच फूट एक-दोन इंच उंचीच्या माणसाने चांदणी चौकाच्या चढावर ट्रॅफिकमध्ये ती गाडी पायाच्या बोटांवर तोलून दाखवावी. मग नाना पेठेत, गाड्यांच्या पार्टच्या मार्केटला चक्कर होते, लोअरिंग लिंक बसते, म्हणजे मोनोशॉक (मागचा एकच शॉकॲब्सॉर्बर) आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हलता हात) यांच्या मधे जी लिंकेजची पट्टी असते ती बदलतात, मागचा भाग तीन-चार सेंटीमीटर खाली बसतो, पुढचे फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, क्लॅम्पमधून थोडे वर सरकवतात आणि झालं काम. पाय टेकले, सगळे खूश.

खरी मजा पुढच्या रविवारी, चेन साफ करायला गाडी डबल स्टँडवर घ्यायला गेलं की. जी गाडी आधी एका झटक्यात चढायची ती आता जागची हलत नाही. लोक म्हणतात स्टँड गंजलाय, ग्रीस लावा. ग्रीस जरूर लावा, पण दोष त्याचा नाहीये.

डबल स्टँड म्हणजे तरफ, एवढं सगळ्यांना शाळेतलं आठवतं. पण त्याची लांबी कंपनीने गाडीच्या मूळ उंचीप्रमाणे ठरवलेली असते आणि गाडी लो केली तरी स्टँड तेवढाच लांब राहतो. धरून चालू की मूळ गाडीत स्टँडवर चढताना फ्रेम, जिथे स्टँडचा पिन आहे (ज्यावर तो फिरतो) तिथे, 4 सेंटीमीटर वर जाते. पुढचं चाक जमिनीवरच असतं, त्यामुळे गाडीचा गुरुत्वमध्य पूर्ण 4 नाही तर साधारण 2.8 सेंटीमीटर वर जातो. 199 किलो एवढं वर न्यायला लागतात साधारण 55 ज्यूल. आता 60 किलोचा माणूस स्टँडच्या दांडीवर सगळं वजन टाकून उभा राहिला आणि दांडी 10 सेंटीमीटर खाली गेली तर त्याच्या वजनातून किती ऊर्जा मिळते? जवळजवळ 59 ज्यूल. म्हणजे हिशोब बरोबर जुळतो, नुसतं वजन टाकायचं, हाताने दिशा द्यायची, गाडी चढते. मेकॅनिककडचा बारका पोरगा पण बुलेट स्टँडवर लावतो ते याच जोरावर, त्याच्या दंडात काही वेगळी ताकद नसते.

गाडी लो झाली आणि पिन 3 सेंटीमीटर खाली आला, की उचल 4 ऐवजी 7 सेंटीमीटर. ऊर्जा लागते साधारण 95 ज्यूल. तुमचं वजन काही वाढलेलं नाही (निदान या कारणाने तरी नाही), म्हणजे 36-37 ज्यूलची तूट, आणि ती भरून कुठून काढायची तर मागचं हँडल धरून वर ओढून, म्हणजे अर्धवट वाकलेल्या अवस्थेत 35-40 किलोचा झटका, तोही एका बाजूला पिळून. कंबर धरते ती इथे. आकडे ढोबळ आहेत, गाडीगणिक बदलतील, पण गुणोत्तर असंच काहीतरी येतं.

उपाय इतका साधा आहे की लोकांना पटत नाही: मागच्या चाकाखाली फळी. 18 मिलिमीटरच्या प्लायचे दोन तुकडे एकावर एक स्क्रूने जोडायचे, खालचा लांब आणि वरचा थोडा आखूड म्हणजे चाक पायरीसारखं चढतं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटला जात असाल तर तिथे, नाहीतर घरी फर्निचरचं काम झालं असेल तर माळ्यावर तुकडे पडलेलेच असतात. 36 मिलिमीटर मिळाले की पिनपाशी अडीच-पावणेतीन सेंटीमीटर परत आले आणि गाडी जवळजवळ मूळ हिशोबाला आली. दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. स्टँडचे पाय फळीवर नाही तर जमिनीवर टेकले पाहिजेत, नाहीतर फायदा शून्य. आणि गाडी स्टँडवर चढताना मागे सरकते, त्यामुळे फळी चाकाच्या मागे चांगली वीतभर शिल्लक हवी. याच कारणाने चढवताना पुढचा ब्रेक धरून ठेवायचा नसतो, पुढचं चाक मागे फिरायलाच हवं. ब्रेक बांधायचा तो गाडी वर गेल्यानंतर.

आणि बांधायचाच, हे मी जरा आग्रहाने सांगतो, कारण खूप जण म्हणतात गाडी गिअरमध्ये टाकलीये, कुठे जातीये. अहो गिअर अडवतो मागच्या चाकाला, आणि मागचं चाक हवेत आहे! पुढचं चाक मोकळंच. सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जायला थोडा उतार दिलेलाच असतो, त्यात तुम्ही ॲक्सलचा नट सोडवायला जोर लावलात की गाडी पुढे सरकून स्टँडवरून उतरते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून पुढच्या ब्रेकच्या लिव्हरला आवळून गुंडाळा, फुकटात काम होतं.

आता ज्या गाडीला डबल स्टँडच नाही, म्हणजे क्रूझर वगैरे, किंवा लो केल्यावर स्पीडब्रेकरला घासतो म्हणून काढून टाकलाय, तिथे जॅक आला. क्लासिक 350 चा ग्राउंड क्लिअरन्स 17 सेंटीमीटर, चार कमी झाले तर राहिले 13. साधा बॉटल जॅक बंद अवस्थेतच 18-20 सेंटीमीटर उंच असतो, तो आत जाणारच नाही. मग डिकीतला कारचा सीझर जॅक, स्क्रू फिरवला की कात्रीसारखे हात उघडून वर येतो तो, काढतात, तो पूर्ण दाबला की आत जातो, पण मग फिरवायला इतका जड लागतो की वाटतं आटे गेले.

आटे गेलेले नसतात, भूमिती आडवी आलेली असते. ओली चादर दोरीवर टाकली आणि दोरी एकदम सपाट ताणायला गेलं तर खिळा उपटून येतो पण झोल असेल तर काही होत नाही, तोच प्रकार इथे उलटा होतो. सीझर जॅकचे हात जमिनीशी जो कोन करतात त्याच्या टॅन्जंटने वजनाला भागायचं, तेवढा ताण स्क्रूवर. जॅकवर 150 किलो आले असं समजा. हात 45 अंशात असतील तर स्क्रूवर 150 किलोचाच ताण. 15 अंशात असतील तर 560 किलो! म्हणजे जॅक सगळ्यात दाबलेला असतो तेव्हाच त्याला सगळ्यात जास्त मेहनत पडते, आणि लो गाडी त्याला नेमकी तिथूनच सुरुवात करायला लावते. इथे पण उत्तर फळीच, फक्त दोन्ही चाकांखाली. गाडी आधी फळ्यांवर ढकलून चढवा, जॅक जमिनीवरच ठेवा, हात 30 अंशापर्यंत उघडलेले असताना पहिला भार येऊ द्या, तेव्हा ताण पावणेदोनपटच राहतो.

जॅक लावायचा फ्रेमच्या खालच्या पाइपांना, मधे लाकडी ठोकळा घालून. सायलेन्सरचा पाइप, ऑइल फिल्टर, ऑइल काढायचा बोल्ट यांना अजिबात नाही, इंजिनखालचं ॲल्युमिनियम तडकलं तर चेन साफ करायच्या नादात भलताच खर्च. आणि ठोकळा म्हणजे लाकूडच, वीट नाही. लाकूड चेपताना करकरतं, वीट न सांगता फुटते. हायड्रॉलिक जॅक असेल तर त्याचं सील हळूहळू तेल सोडू शकतं, म्हणून उचलून झालं की फ्रेमखाली लाकडाचे ठोकळे सारून भार त्यांच्यावर उतरवायचा. जॅक फक्त उचलायला, धरून ठेवायला ठोकळे.

बरं, गाडी वर गेली. पडायला किती जोर लागेल? जॅकचा तळ आडवा 20 सेंटीमीटर रुंद असेल तर मध्यापासून कडेपर्यंत 10. क्लासिकचं वजन 195 किलो, गुणिले 9.8 गुणिले 0.10 मीटर, झाले 191 न्यूटन-मीटर. हँडल जमिनीपासून एक मीटर वर धरलं तर तिथे साधारण 19-20 किलोचा धक्का पुरतो. कारच्या सीझर जॅकचा तळ तर याच्या निम्माच रुंद असतो, मग दहाच किलो, पार्किंगमध्ये क्रिकेट खेळणारी पोरं बॉल आणायला धावत आली तरी संपलं. ॲक्सल नट सोडवताना पान्याच्या टोकाला सहज 20 किलोच्या वर जोर लागतो, म्हणून घट्ट नट चाकं जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करून ठेवायचे, हा नियम मला बाकी सगळ्या नियमांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. शिवाय पार्किंगच्या दोन खांबांमध्ये गाडी घेऊन हँडलपासून दोन्हीकडे रॅचेट पट्टे बांधता आले तर उत्तमच, पट्टा जितका उंचावर तितका कमी ताण पुरतो. छताच्या पंख्याच्या हुकाला गाडी टांगायची आयडिया पण कोणीतरी सुचवतंच, हुक पंख्यासाठी असतो, सोडून द्या.

खरं सांगायचं तर फक्त मागचं चाक उचलायचं असेल तर सगळ्यात शहाणपणाची वस्तू पॅडॉक स्टँड, म्हणजे मागून लावून गाडीचं मागचं चाक उचलणारा सुटा स्टँड. कारण गाडी कितीही लो करा, ॲक्सलची उंची बदलत नाही! ती टायरच्या त्रिज्येवर ठरते. खाली येते ती फ्रेम. पॅडॉक स्टँड स्विंगआर्मला ॲक्सलजवळ पकडतो, म्हणजे त्याच्या दृष्टीने गाडी लो झालेलीच नाही. शिवाय फ्रेमपासून उचललं की आधी शॉकॲब्सॉर्बर पसरतो, दोन-तीन सेंटीमीटर त्यातच जातात आणि चाक अजून जमिनीवरच, स्विंगआर्मपासून उचललं की चाक लगेच सुटतं. फक्त मागून उचलताना गाडी सरळ धरायला सुरुवातीला दुसरा माणूस घ्या, वॉचमनकाका असतात, त्यांना उत्सुकता असतेच. आणि वर गेल्यावर चेन फिरवायची ती हाताने चाक फिरवून, इंजिन चालू करून गिअर टाकून फडकं धरणं म्हणजे बोटं स्प्रॉकेटला देणं.

उतरवताना उलटा क्रम: फळी परत चाकाखाली, ब्रेकचं रबर काढा, साइड स्टँड आधीच उघडा. पण लो गाडीचा साइड स्टँड पण आता प्रमाणाबाहेर लांब झालेला असतो, गाडी डावीकडे कलायच्या ऐवजी जवळपास सरळ उभी राहते आणि जरा वाऱ्याने किंवा शेजारच्या ॲक्टिव्हाच्या धक्क्याने उजवीकडे जाते. तो आखूड करून घ्यायचा असेल तर भोसरीकडे फॅब्रिकेशनवाले करून देतात, पण आधी माप घ्या. साइड स्टँडच्या पायाखाली काही न घालता गाडी उभी करा, मग दोन्ही चाकांखाली पातळ फळ्या वाढवत जा, गाडी पूर्वीसारखी कलली की त्या फळ्यांची जाडी म्हणजे जवळपास कापायचं माप, आणि त्यातही अर्धा सेंटीमीटर कमीच कापायला सांगा, कारण आखूड झालेला स्टँड परत लांब करायला वेल्डिंगचा जोड द्यावा लागतो आणि 200 किलोची गाडी त्या जोडावर उभी राहणार असते.