दुर्लक्ष की टाइम-आउट?

चॉकलेटसाठी भोकाड पसरणारं मूल आणि धाकट्या भावाला चावणारं मूल, दोघांनाही "जा, कोपऱ्यात बस" हेच ऐकायला मिळतं. खरं तर पहिल्याला दुर्लक्ष पुरतं, टाइम-आउट दुसऱ्यासाठी.

दुर्लक्षात मूल जागेवरच असतं. आपण नजर, शब्द आणि स्पर्श काढून घेतो. किरकिर, हट्टाचं रडणं, वाकुल्या यांना हे लागू पडतं. डोळे वटारणं, पुटपुटणं हेही लक्षच, तेही बंद. खरी कसोटी पुढे असते: सुरुवातीला रडणं कमी होण्याऐवजी वाढतं. दहाव्या मिनिटाला आजीने चॉकलेट दिलं, तर मूल एवढंच शिकतं की दहा मिनिटं रडावं लागतं. म्हणून घरात सगळ्यांचं एकमत नसेल तर सुरूच करू नका. रडणं थांबलं की काही सेकंदांत "शांत झालास, छान!" म्हणा. चॉकलेट मात्र नाही.

टाइम-आउटमध्ये मुलाला थोडा वेळ गमतीतून बाजूला काढतात. मानसशास्त्रज्ञ शीला आयबर्ग यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेल्या, साधारण २ ते ७ वर्षांच्या मुलांसाठीच्या 'पॅरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी' या पालक-मूल उपचारपद्धतीत याची रीत काटेकोर आहे. सूचना दिली की ५ सेकंद थांबायचं. ऐकलं नाही तर एकच ताकीद, पुन्हा ५ सेकंद, मग खुर्ची. तिथे ३ मिनिटं, शेवटचे ५ सेकंद शांत. उठायचं कधी हे मोठी माणसं ठरवतात. त्यानंतर मूळ सूचना पाळून घ्यायचीच. हे राहिलं तर खेळणी आवरायच्या कंटाळ्यातून खुर्ची ही मुलासाठी सुटकाच ठरते. मारायचं नाही, चावायचं नाही हे घरातले आधीच सांगितलेले नियम असतील, तर ते मोडल्यावर ताकीद न देता थेट खुर्ची.

खुर्ची नजरेसमोर, टीव्ही-खेळण्यांपासून दूर हवी. बाथरूम, अंधारी खोली अजिबात नको. आणि एरवी मुलाशी खेळणं, कौतुक होत नसेल तर खुर्चीवर बसून त्याचं बिघडतंय काय?

शाळेत आणखी जपावं लागतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला बंदी आहे. अंगठे धरायला लावून किंवा वर्गासमोर हसं करून त्याला 'टाइम-आउट' म्हणता येत नाही. वर्गातच बाजूला एक खुर्ची, ताईंना दिसेल अशी, एवढं पुरतं.