आधी पाण्याला वाट, मग जिप्सम

शिरोळ, मिरज, वाळव्याकडच्या काळ्या रानांत उन्हाळ्यात फिरताना मधेच एखादा पट्टा पांढराफटक दिसतो. ते खरोखरचं मीठच. बेसॉल्ट खडक झिजून माती झाली तेव्हाच त्यात क्षार होते, पण ते खोल होते. नदीवरून उपसा आला, ऊस बारमाही झाला, पाटाने वारेमाप पाणी सुटू लागलं आणि भूजल वर चढलं. कंदिलाची वात रॉकेल ओढते तशी काळी माती ते पाणी वर खेचते. पाण्याची वाफ होते, क्षार मागे उरतात.

क्षारांमध्ये सोडियम जास्त असला तर रान चोपण होतं, सामू (पीएच) साडेआठच्या वर जातो. चिकणमातीचे कण कॅल्शियममुळे एकमेकांना धरून असतात. सोडियम आला की ते सुटतात आणि मातीतली छिद्रं बुजवतात. घरी बघायचं तर काचेच्या पेल्यात साठवलेलं पावसाचं पाणी घ्या आणि वाळलेलं ढेकूळ न ढवळता अलगद सोडा. भोवती दुधासारखा गढूळपणा पसरला तर सोडियमची शंका घ्यावी आणि माती तपासून घ्यावी. विहिरीचं पाणी नको, त्यातले क्षार हा गढूळपणा दाबून टाकतात.

यावर जिप्सम, म्हणजे कॅल्शियम असलेलं खनिज, टाकतात, ते बरोबरच आहे. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला कणांवरून हुसकावतो. पण हुसकावलेला सोडियम जाणार कुठे? तो पाण्याबरोबर रानाबाहेर गेला नाही, तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा वर येतो. पाणी साचलेल्या रानात जिप्समची पोती रिकामी होताना पाहिली की जीव हळहळतो, कारण तो पैसा कष्टाचा असतो.

म्हणून निचरा आधी. एक तर उघडे चर काढायचे, नाहीतर जमिनीखाली मीटर-सव्वा मीटरवर, गाळ शिरू नये म्हणून जाळीदार कापड गुंडाळलेले सच्छिद्र पाईप उताराला धरून टाकायचे. ते मोठ्या पाईपला आणि तो ओढ्याला जोडायचा. दोन ओळींत अंतर किती, हे मातीवर ठरतं. ओढा बहुधा खालच्या शेजाऱ्याच्या बांधापलीकडे असतो. त्यामुळे हे काम एकट्याच्या गटात भागत नाही, सगळ्या शिवाराने मिळून करावं लागतं. पाईप पडले की पावसाचं गोडं पाणी क्षार धुऊन खाली नेतं.

त्यानंतर सेंद्रिय खताची पाळी. धैंचा, म्हणजे हिरवळीच्या खताचं पीक, अशा रानातही तग धरतो. पेरून दीड महिन्याने, फुलावर येताना तो गाडावा. त्याच्या मुळ्यांनी वाटा पाडलेल्या असतात आणि तो कुजताना कर्बवायू सुटतो. हा वायू पाण्यात मिसळून सौम्य आम्ल होतं, ते आपल्या काळ्या मातीतली चुनखडी थोडी थोडी विरघळवतं आणि त्यातून फुकटचा कॅल्शियम मिळतो. जिवाणूंचा चिकट द्रव कणांना पुन्हा बांधतो. उसाचं पाचट न जाळता सरीत ठेवलं तर जमीन झाकली जाते, वाफ कमी होते, मीठही कमी चढतं.

पाणी मात्र मोजूनच द्यायचं. पाट पुन्हा मोकळा सोडला तर पाईपही पुरे पडत नाहीत.