धुऊन घालायचा की बदलून टाकायचा : मोटारसायकलच्या ऑइल फिल्टरची पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या कोणत्याही गॅरेजमध्ये आज कागदी ऑइल फिल्टरची मोटारसायकल सर्व्हिसिंगला लावली की मेस्त्री जुना फिल्टर काढतो, नवा बसवतो, आणि जुन्याचे पुढे काय होते हे सहसा कोणी विचारत नाही. अलीकडे मात्र पोलादी जाळीचे, धुऊन वर्षानुवर्षे वापरता येणारे फिल्टर सहज मागवता येऊ लागल्यापासून, नेहमीचा कागदी फिल्टर ठेवावा की एकदाच पैसे मोजून जाळीचा घ्यावा, हा प्रश्न लांबच्या प्रवासाला जाणारी तरुण मंडळी गंभीरपणे विचारू लागली आहेत. प्रश्न नवा वाटतो, पण या गावापुरते बोलायचे तर फिल्टर धुण्याची रीत जुनी आणि टाकून देण्याची रीत नवी आहे. तो क्रम नीट लक्षात घेतला नाही तर जाळीचा फिल्टर म्हणजे काही प्रगत शोध आहे, असा समज होतो.

अगदी सुरुवातीच्या मोटारसायकलींना ऑइल फिल्टर नव्हताच, कारण तेव्हा गाळण्यासारखे ऑइल इंजिनात उरतच नसे. चालवणाऱ्याने टाकीवरच्या हातपंपाने अधूनमधून थोडे ऑइल इंजिनात सोडायचे, ते बेअरिंग आणि सिलिंडर ओले करून जळून किंवा गळून जायचे, आणि पुढच्या काही मैलांनंतर पुन्हा पंप मारायचा, अशी ती पद्धत होती. तेच ऑइल पंपाने परत फिरवण्याची रचना रूढ झाल्यावर त्याबरोबर फिरणारी घाणही प्रत्येक फेरीला बेअरिंगमधून जाऊ लागली आणि फिल्टरची गरज निर्माण झाली.

मोटारींच्या बाबतीत हे काम अमेरिकेत आधी झाले. अर्नेस्ट स्वीटलँड यांच्या फिल्टरला 1923 च्या सुमारास ‘प्युरोलेटर’ हे नाव मिळाले. इंग्रजीतल्या ‘प्युअर ऑइल लेटर’ या शब्दांची ती सांधेजोड असल्याचे सांगितले जाते. 1924 च्या क्रायस्लर मोटारीत ऑइल फिल्टर आला. सुरुवातीच्या या फिल्टरांमधून पंपाने दाबलेल्या ऑइलचा थोडासाच भाग जाई, बाकीचे न गाळताच बेअरिंगकडे वळे. सगळेच ऑइल फिल्टरमधून पाठवायचे आणि फिल्टर तुंबल्यास एक झडप उघडून न गाळलेले ऑइल तरी इंजिनाला मिळू द्यायचे, ही आजची मांडणी त्यानंतर रुळली. घड्या घालून राळेने कडक केलेला कागद आणि 1950 च्या दशकात आलेला, पत्र्याच्या डब्यासकट आट्यांवरून फिरवून काढून टाकायचा फिल्टर यांनी ‘वापरा आणि टाका’ ही पद्धत पक्की केली. न गाळलेले ऑइल चालेल, पण कोरडे बेअरिंग चालणार नाही, या हिशेबावर ती झडप उभी आहे. पुढच्या साऱ्या वादात तिचा संबंध येत असल्याने ती येथे नोंदवून ठेवतो.

कोल्हापुरात फिल्टरची ओळख मोटारसायकलीतून झाली असे म्हणता येणार नाही. ऊस, गुऱ्हाळे आणि नदीकाठचा पाणीउपसा यांच्यामुळे डिझेलवर चालणारे ऑइल इंजिन या भागाच्या घरचे झाले, आणि त्याचे सुटे भाग ओतणे, कातणे, दुरुस्त करणे यांतून उद्यमनगर आणि पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव येथील फौंड्री-कारखाने वाढले. त्या इंजिनांची गाळणी म्हणजे जाळी किंवा कापड. ती काढायची, रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने घासायची, झटकून वाळवायची आणि पुन्हा बसवायची. ती फाटेपर्यंत तिच्या जागी नवी विकत आणण्याचा विचार शेतकऱ्याच्या मनात येत नसे. यात काटकसर होतीच, पण भाग तालुक्याच्या गावी मिळेलच याची खात्री नसणे हेही तितकेच मोठे कारण होते. मोटारसायकल दुरुस्त करणारे पहिले अनेक हात याच कामातून आलेले असल्याने ती सवय दुचाकीकडे जशीच्या तशी गेली.

दुचाकीत त्या सवयीला सोबत मिळाली ती बुलेटची. मद्रासमध्ये 1955 पासून जुळणी आणि नंतर पूर्ण उत्पादन सुरू झालेल्या या गाडीची मूळ रचना इंग्लंडमधल्या रेडिच येथील, 1940 च्या दशकाच्या अखेरची. तिच्या ओतीव इंजिनात ऑइल इंजिनाच्या पोटातच स्वतंत्र कप्प्यात राही, आणि टायमिंगच्या बाजूला असलेल्या फिल्टरच्या खोबणीत फेल्टचा, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचा नळकांड्यासारखा फिल्टर असे. दाबलेली लोकर म्हटल्यावर या भागातल्या माणसाला घोंगडे आठवले तर ते चुकीचे नाही. गुंतलेल्या तंतूंच्या जाडीत घाण अडकवून ठेवायची, हे तत्त्व फेल्टचे आणि आजच्या कागदाचेही एकच आहे. फेल्ट ठरावीक अंतरानंतर बदलायचा असे, तरी तो रॉकेलमध्ये पिळून पुन्हा घालण्याची पद्धत सर्रास होती. माझ्या मते ती चुकीची होती. जाडीत शिरलेला बारीक कण पिळल्याने बाहेर येतोच असे नाही, तो बऱ्याचदा आतल्या, म्हणजे स्वच्छ बाजूला सरकतो. जुन्या बुलेटच्या कनेक्टिंग रॉडच्या, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याच्या मोठ्या टोकाला (‘बिग-एंड’ला) रोलर नव्हे, तर तरंगते बुश, म्हणजे मोकळे फिरणारे धातूचे कडे असे, आणि त्याचे आयुष्य पूर्णपणे स्वच्छ ऑइलच्या थरावर अवलंबून होते. बुलेटचे ‘बिग-एंड गेले’ हे वाक्य ज्यांनी ऐकले आहे, त्यांतल्या काहींच्या इंजिनात तरी धुतलेला फेल्ट असला पाहिजे.

राजदूत, येझदी, आरएक्स हंड्रेड या दोन-स्ट्रोक गाड्यांचा या इतिहासात फारसा वाटा नाही. त्यांचे इंजिनाचे ऑइल पेट्रोलबरोबर जळून जाई आणि गिअरबॉक्सचे ऑइल वेगळे असे, म्हणून एक संपूर्ण पिढी फिल्टर हा शब्द फक्त हवेच्या फिल्टरसाठी वापरत वाढली.

खरा बदल 1985 मध्ये हिरो होंडाच्या सीडी हंड्रेडने आणला, आणि 1994 च्या स्प्लेंडरने तो घरोघरी नेला. पण तो बदल कागदी फिल्टरचा नव्हता. या इंजिनांत विकत घ्यायचा फिल्टर मुळी नाहीच. पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या क्रँकशाफ्टच्या टोकाला, उजव्या कव्हरच्या आत, एक वाटीसारखा भाग बसवलेला असतो. तो क्रँकबरोबर मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरतो, ऑइल त्यातून जाताना जड कण बाहेरच्या कडेकडे फेकले जातात आणि तेथे काळ्या लोण्यासारखे चिकटून बसतात, तर मधले हलके ऑइल पुढे बेअरिंगकडे जाते. ताक घुसळताना लोणी वर येते, येथे गाळ कडेला जातो, एवढाच फरक. पंपाच्या तोंडाशी असते ती तारेची जाळी, आणि तिची छिद्रे माणसाच्या केसाहून कितीतरी मोठी असतात. क्लच प्लेटचा तुकडा किंवा सुटलेले पॅकिंग पंपात जाऊ नये एवढेच तिचे काम.

ही रचना कल्पक आहे, आणि खऱ्या अर्थाने पुन:पुन्हा वापरता येणारा फिल्टर म्हणजे हाच, असे मला वाटते. तिच्यात तुंबण्यासारखे छिद्र नाही, म्हणून झडपेचीही गरज नाही. अडचण माणसाची आहे. वाटी साफ करायची तर ऑइल सोडून, किक काढून, उजवे कव्हर उघडावे लागते, आणि कव्हर उघडले की पॅकिंग नवे घालणे ओघाने आले. साध्या सर्व्हिसिंगच्या पैशांत एवढे काम कोणी करत नाही, आणि गिऱ्हाईकही मागत नाही. परिणामी अनेक गाड्यांत ही वाटी पहिल्यांदा उघडते ती क्लच प्लेट बदलायच्या दिवशी, आणि तोवर तिच्यात बोटभर गाळ साचलेला असतो. साफ करता येणारी वस्तू आणि साफ केली जाणारी वस्तू यांतला हा फरक जाळीच्या फिल्टरबद्दल विचार करतानाही विसरता येत नाही.

कागदी फिल्टर सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचला तो 2001 नंतर, पल्सरसारख्या गाड्यांबरोबर. 2008-09 च्या सुमारास बुलेटच्या नव्या एकसंध (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात असलेल्या) इंजिनातही फेल्टची जागा घडीच्या कागदाने घेतली, ड्यूकसारख्या चाकणला बनणाऱ्या गाड्यांत कागदी फिल्टर आणि शिवाय धुवायची जाळी अशी दुहेरी व्यवस्था आली, आणि रॉयल एन्फिल्डच्या 650 सीसी जुळ्या सिलिंडरच्या इंजिनाला मोटारीसारखा फिरवून काढायचा डबा मिळाला. त्याच काळात सुटे भाग पाकिटात, क्रमांकासह आणि बहुतेक दुकानांत मिळू लागले. धुण्यामागचे जुने कारण तेथेच संपले: दोन-तीन प्लेट मिसळीच्या पैशांत नवा फिल्टर मिळत असताना जुना रॉकेलमध्ये घासत कोण बसेल?

पोलादी जाळीचा फिल्टर आला तो शर्यतींच्या जगातून. तेथे प्रत्येक शर्यतीनंतर ऑइल बदलले जाते, आणि फिल्टरमध्ये काय सापडते हे पाहणे गाळण्याइतकेच महत्त्वाचे असते. विमानांच्या पिस्टन इंजिनांतही जाळी काढून तिच्यावरचे कण तपासण्याची पद्धत जुनी आहे. अशा जाळीचे छिद्र बहुधा 35 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे सांगितले जाते, आणि ते सर्वत्र सारखे असल्यामुळे त्याहून मोठा कण सहसा पुढे जात नाही. कागदाची गोष्ट वेगळी आहे. त्याची छिद्रे असमान असतात, म्हणून एखादा मोठा कण निसटू शकतो, परंतु जाळीतून बिनबोभाट जाणाऱ्या बारीक कणांचाही मोठा भाग तो अडवतो आणि त्याच्या जाडीत बरीच जास्त घाण मावते. म्हणूनच फिल्टरची प्रमाणित चाचणी अमुक आकाराचे किती टक्के कण अडले हे मोजते. डब्यावर छापलेला एकटा मायक्रॉनचा आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही. जाळीची जमेची बाजू प्रवाहाची: थंडीच्या पहाटे दाट झालेले ऑइल तिच्यातून सहज जाते आणि झडप कमी वेळा उघडते. कोल्हापूरच्या हवामानात या फायद्याचे फार कौतुक करावे असे मला वाटत नाही.

काळे पडलेले ऑइल पाहून चांगल्या फिल्टरची मागणी करणे हाही एक गैरसमज आहे. आजच्या ऑइलमधली रसायने काजळीला गोळा होऊ न देता सुटी आणि तरंगती ठेवतात. तो कण एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतो, आणि कागद काय किंवा पोलाद काय, त्याला अडवत नाही. तो बाहेर जातो फक्त ऑइल बदलल्यावर. जाळीचा फिल्टर बसवून ऑइलचे अंतर वाढवणाऱ्याची बचत म्हणूनच आतबट्ट्याची ठरते. मोटारसायकलीत तर इंजिन, गिअर आणि बहुतेकदा क्लच एकाच ऑइलमध्ये बुडालेले असतात, त्यामुळे क्लच प्लेटची झीजही त्याच ऑइलमध्ये मिसळत राहते.

ऑगस्ट 2019 मध्ये आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये पंचगंगेचा पूर शहरात शिरला तेव्हा हा विषय अनेकांच्या दारात आला. बुडालेल्या गाडीच्या इंजिनातून दुधाळ चहासारखे ऑइल निघते. ते दोन-तीनदा बदलून इंजिन धुवावे लागते, आणि पाण्याने फुगलेला कागद प्रत्येक वेळी टाकून देण्यावाचून इलाज नसतो. अशा एकाच प्रसंगात जाळीचा फिल्टर निर्विवाद उजवा ठरतो, कारण पाण्याने त्याचे काही बिघडत नाही.

पर्यावरणाच्या नावाने जाळीची बाजू घेणाऱ्यांनी धुवणाचा विचार करायला हवा. तेलकट फिल्टर हा 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत मोडतो हे खरे, परंतु जाळी धुतलेले रॉकेल गटारात ओतले आणि ते जयंती नाल्यातून पंचगंगेला मिळाले, तर वाचवलेल्या कागदाचा हिशेब उलटाच होतो. ते धुवण जुन्या ऑइलच्याच डब्यात साठवून गोळा करणाऱ्याकडे द्यावे लागते.

रोज कामावर जाण्यापुरती गाडी वापरणाऱ्याने ठरल्या अंतराला कागदी फिल्टर बदलावा, असेच मी सांगेन. जाळीचा फिल्टर त्याच्यासाठी, जो स्वत: बसून तो धुतो. धुताना द्रव आतून बाहेर, म्हणजे वापरातल्या प्रवाहाच्या उलट दिशेने सोडायचा, हवेचा दाब हलका ठेवायचा, जाळी उजेडासमोर धरून सांधा सुटला नाही ना ते पाहायचे, ओ-रिंग (गळती रोखणारे रबरी कडे) नवी घालायची, आणि धुवण पांढऱ्या फडक्यातून गाळायचे. फडक्यावर उरलेल्या कणांवरून चुंबक फिरवला की चिकटतो तो पोलादाचा चुरा, म्हणजे गिअर किंवा कॅमकडे पाहावे. न चिकटणारा चकचकीत पांढरा कण ॲल्युमिनियमचा, म्हणजे पिस्टन किंवा कव्हर कोठेतरी घासते आहे. आणि पिवळसर तांबूस कण दिसला, तर एखाद्या बुशची झीज सुरू झाली असून गाडी पुढच्या लांबच्या प्रवासाआधी उघडावी लागणार.