३/४/२४ म्हणजे नेमका कुठला दिवस?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा झाला, की अडत्याच्या पट्टीवर तारीख पडते: ३/४/२४. ही ३ एप्रिल आहे हे कुणाला सांगावं लागत नाही. संगणकाला मात्र नुसते आकडे आणि तिरप्या रेघा दिसतात. त्यातून दिवस, महिना, वर्ष वेगळं काढणं म्हणजे पार्सिंग. आत साठवलेली तारीख वाचता येईल अशी छापणं म्हणजे फॉरमॅटिंग.

समजा, त्या पट्ट्यांची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) एक्सेलमध्ये उघडली आणि संगणकाची प्रादेशिक सेटिंग अमेरिकन आहे. तिथे महिना आधी लिहितात, म्हणून ०३/०४/२०२४ ची गुपचूप ४ मार्च होते. १३/०४/२०२४ चं काय? तेरावा महिना नसल्यामुळे ती तारीख न होता मजकूर म्हणून तशीच राहते. एकाच रकान्यात काही तारखा उलटलेल्या, काही नुसता मजकूर! ओळखायची खूण अशी: खरी तारीख आपोआप रकान्याच्या उजव्या कडेला सरकते, मजकूर डावीकडे राहतो. वर्षात अशा दोन्ही बाजूंनी वाचता येणाऱ्या आणि म्हणून चुकीच्या ठरू शकणाऱ्या १३२ तारखा आहेत. फाइल डबल क्लिक करून न उघडता ‘डेटा’ टॅबमधून आणावी आणि त्या रकान्याचा क्रम दिवस-महिना-वर्ष असा निवडावा.

कोडमध्येही हाच नियम: क्रमाचा अंदाज लायब्ररीवर, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडवर, सोडू नये, नमुना आपण द्यावा. पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेला दोन आकडी वर्ष दिलं, तर ६९ ते ९९ हे १९०० च्या घरात आणि ०० ते ६८ हे २००० च्या घरात धरलं जातं. सभासदाचं जन्मवर्ष ६५ लिहिलं असेल, तर ते २०६५ होतं. जावा या दुसऱ्या भाषेत नमुना लिहिताना कॅपिटल एम म्हणजे महिना, लहान एम म्हणजे मिनिटं. वर्षासाठी लहान वाय हवा. कॅपिटल वाय आठवड्यांच्या हिशोबाचं वर्ष देतो, म्हणजे १ जानेवारी ज्या आठवड्यात येते तो अख्खा आठवडा नव्या वर्षात धरू शकतो. तो कोड वर्षभर बिनतक्रार चालतो आणि ३१ डिसेंबर २०२४ ला ‘३१ डिसेंबर २०२५’ छापतो. चाचणीत वर्षाअखेरचे दिवस मुद्दाम घ्यावेत ते यासाठीच.

आपल्याकडे सर्वांत जास्त छळणारी चूक वेगळीच आहे. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या म्हणजे यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. जावास्क्रिप्टमध्ये ३ एप्रिलची तारीख स्थानिक वेळेनुसार तयार केली, की ती त्या दिवशीची मध्यरात्र धरली जाते. ती यूटीसीत बदलून साठवली की होते २ एप्रिल, १८:३०. पुढे कुणी त्यातले पहिले दहा अक्षर-आकडे, म्हणजे नुसता तारखेचा भाग, कापून घेतले, की सौदा एक दिवस आधीचा ठरतो.

‘मग सगळीकडे साडेपाच तास मिळवू’ हा उपायही पुरत नाही. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, भारताची घड्याळं एक तास पुढे होती. फरक साडेसहा तासांचा होता. साताऱ्यात प्रतिसरकार चालू होतं तेव्हाचीच ही गोष्ट. त्या काळात जन्मलेल्या साताऱ्याच्या पेन्शनरची जन्मतारीख ‘एशिया/कोलकाता’ या भारताच्या वेळ-क्षेत्रानुसार (जुने बदलही त्यात नोंदलेले असतात) मध्यरात्र धरून यूटीसीत साठवली, आणि दाखवताना सरधोपट साडेपाच तास मिळवले, तर पडद्यावर आदल्या दिवशीचे रात्रीचे ११ वाजतात. जन्मतारीख चुकली, की आधारशी जुळणी फसते आणि ऐंशीच्या घरातल्या माणसाला पुन्हा खेटे घालावे लागतात.

म्हणून जन्मतारीख, सौद्याची तारीख, कर्जफेडीची तारीख यांना वेळ चिकटवूच नये. डेटाबेसमध्ये केवळ तारखेचा प्रकार असतो, तो वापरावा आणि प्रोग्रॅममधल्या देवाणघेवाणीत २०२४-०४-०३ असा आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा क्रम ठेवावा. काट्यावर ट्रक किती वाजता आला, अशा क्षणाच्या नोंदी तेवढ्या यूटीसीत. मराठी आकडे अगदी शेवटी, पडद्यावर छापताना: जावास्क्रिप्ट मराठी सेटिंगमध्ये ‘३/४/२०२४’ सुरेख छापतं, पण तेच परत वाचायला दिलं तर अवैध तारीख म्हणतं.