बोगद्यात व्हिडिओ धूसर कोण करतं?

रेल्वेत सिरीयल बघताना बोगदा आला की चित्र धूसर होतं आणि डब्यात कुणीतरी ठासून सांगतं, "कंपनीवाले मुद्दाम क्वालिटी पाडतात." तसं काही नसतं. एकच भाग वेगवेगळ्या दर्जांत आधीच तयार करून काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून ठेवलेला असतो. पुढचा तुकडा कुठल्या दर्जाचा मागवायचा, हे बहुतेक वेळा तुमच्या फोनमधला प्लेयरच ठरवतो. मागचा किती वेगाने डाउनलोड झाला, आधीच उतरवून ठेवलेल्या साठ्यात (बफरमध्ये) किती सेकंद शिल्लक आहेत, हे बघून. बोगद्यात नेटवर्क मंदावलं की तो कमी दर्जाचा तुकडा मागवतो. २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी नेटफ्लिक्सवर दाखवलं, की मुख्यतः साठ्यावर नजर ठेवली तर व्हिडिओ अडकणं कमी होतं. कंपन्यांनी मुद्दाम दर्जा उतरवलाही होता म्हणा, मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. मोबाइल नेटवर्कवर कमाल ४८०पी, म्हणजे एचडीपेक्षा कमी, साधा दर्जा. पण तेही जाहीर सांगून.