हेड तडकतं ते निवताना

'घाटात गाडी तापली आणि हेड गेलं.' खंबाटकी चढून आलेल्या एखाद्या जुन्या ट्रकबद्दल हे वाक्य पुण्यातल्या कुठल्याही गॅरेजमध्ये कानावर पडतं. ते अर्धंच खरं आहे. उष्णतेने हेडचं, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवर बसणाऱ्या झाकणाचं, नुकसान होतं हे बरोबर, पण तडा बहुतेक वेळा जातो तो हेड निवताना. एवढं नीट ध्यानात आलं की महागाचा वेल्डिंग रॉड वापरूनही काही दुरुस्त्या महिन्याभरात का उघडतात आणि नुसत्या ड्रिल-टॅपने (भोक पाडून, आटे कापून) केलेल्या काही वर्षानुवर्षं का टिकतात, हे समजायला लागतं.

जुन्या डिझेल इंजिनांची हेडं बिडाची असतात. बीड म्हणजे लोखंडात साधारण ३ ते ३.५ टक्के कार्बन, आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला. या पापुद्र्यांमुळेच बीड मशीनवर लोण्यासारखं कापलं जातं आणि कंपनं जिरवतं. मात्र प्रत्येक पापुद्रा ही धातूत आधीपासूनच असलेली एक सूक्ष्म चीर असते. त्यामुळे बीड दाबलं तर भरपूर सोसतं; ओढलं तर त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याच्या जोरातच तुटतं.

आता इनटेक आणि एक्झॉस्ट वाल्व (हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झडप) ज्यांवर टेकतात त्या सीटांमधली अरुंद पट्टी डोळ्यांसमोर आणा. खालून जळत्या वायूचा मारा, क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्याही वर. पलीकडे जॅकेटमधलं, म्हणजे हेडमधल्या पोकळीतलं, पाणी ८०-९० अंशांवर. पाणी कमी पडलं, किंवा बोअरवेलच्या जड पाण्याचे क्षार साचून जॅकेट बुजलं, की ही पट्टी भलतीच तापते. २० मिलिमीटर रुंदीची पट्टी ३०० अंशांनी तापली तर तिला सुमारे ०.०७ मिलिमीटर, म्हणजे जवळपास केसभर, पसरायचं असतं. आजूबाजूचा थंड धातू तिला पसरू देत नाही. मग ती जागच्या जागी चेपली जाते, आणि इतक्या तापलेल्या धातूत ते चेपणं कायमचं होऊन बसतं. इंजिन बंद झालं की पट्टी निवते, आकसते. पण आता तिची लांबी मुळातच कमी झालेली असते आणि दोन्ही टोकं मात्र पक्की धरलेली. म्हणजे ती ओढली जाते, आणि ओढ हेच बिडाचं दुखणं. असं पुन्हा पुन्हा झालं की एक दिवस चीर उघडते. तापल्या इंजिनात गार पाणी ओतणारा हेच काम एका झटक्यात करतो. चुलीवरचा बिडाचा तवा नळाखाली धरल्यावर फुटतो, तो याच कारणाने.

चीर पडली तरी दिसेलच असं नाही. ऑइल दुधाळ होणं, रेडिएटरमध्ये बुडबुडे येणं, सकाळी पहिल्या स्टार्टला पांढरा धूर, या सगळ्या खुणा नुसतं गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधला सीलचा थर) गेल्यावरही दिसतात. म्हणून हेड उतरवून प्रेशर टेस्ट करतात. पाण्याची सगळी तोंडं रबर आणि पट्ट्या लावून बंद करायची, एका तोंडातून हवा भरायची आणि हेड गरम पाण्याच्या टाकीत बुडवायचं. पाणी गरमच हवं. कित्येक चिरा थंड असताना मिटलेल्या असतात. बिडासाठी चुंबकाची युक्तीही आहे. हेडवर चुंबक लावून लोखंडाची बारीक पूड भुरभुरायची. चिरेपाशी चुंबकीय रेषा बाहेर पडतात आणि पूड तिथे रेघ धरून बसते. ॲल्युमिनियमवर चुंबक चालत नाही. तिथे लाल डाय लावून पुसून घेतात आणि वर पांढरी पावडर मारतात. चिरेत शिरलेला रंग पावडरीत झिरपून वर येतो.

चीर सापडली की पहिला विचार येतो वेल्डिंगचा, आणि बिडाच्या बाबतीत तोच सगळ्यात धोक्याचा. वेल्डलगतचा धातू लाल होतो, ग्राफाइटमधला कार्बन त्यात विरघळतो आणि भोवतालचं भलंमोठं थंड हेड ती उष्णता क्षणात खेचून घेतं. कार्बनला पुन्हा ग्राफाइट व्हायला वेळच मिळत नाही, तो लोखंडाशी जोडलेलाच राहतो. परिणामी वेल्डशेजारी असा कडक, ठिसूळ थर तयार होतो की त्यावर कानसही चालत नाही. त्यातच वेल्ड आकसताना त्याला ओढतो. 'टक्' असा बारीक आवाज येतो आणि जुन्या चिरेशेजारी नवी चीर हजर.

यावर दोन उपाय आहेत. एक, निकेलचा रॉड: ९९ किंवा ५५ टक्के निकेल असलेला. त्याचा वेल्ड मऊ राहतो, थोडी ओढ सहन करतो. तरीही इंचभराचा टाका घालायचा, गरम असतानाच गोल डोक्याच्या हातोडीने ठोकून पसरवायचा, हात लावता येईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढचा टाका. दुसरा उपाय, अख्खं हेड भट्टीत ६५०-७०० अंशांपर्यंत तापवून बिडाच्याच रॉडने गॅस वेल्डिंग करायचं आणि मग भट्टीतच सावकाश निवू द्यायचं. काम उत्तम होतं, पण अशी भट्टी आणि एवढा धीर थोड्यांकडेच असतो.

मला स्वतःला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो थंड दुरुस्तीचा, म्हणजे मेटल स्टिचिंगचा. १९३०च्या दशकात अमेरिकेत टेक्सासच्या तेलक्षेत्रात ही पद्धत पुढे आली, कारण तेलाशेजारी वेल्डिंगची ठिणगी परवडणारी नव्हती.

आधी चिरेची दोन्ही टोकं शोधून तिथे भोकं पाडतात. चीर कापून ती थांबवायची हे विचित्र वाटेल, पण त्यामागे १९१३ सालचं चार्ल्स इंग्लिस यांचं गणित आहे. लांबट भोकाच्या टोकाशी ताण किती पटीने वाढतो हे त्यांनी काढलं. गोल भोकाशी तो तिप्पट होतो. पण भोक रुंदीच्या दहापट लांब असेल तर २१ पट. खरी चीर त्याहून कितीतरी अणकुचीदार असते. टोकाला गोल भोक पाडलं की ताणाचा तो सुळाच बोथट होतो.

मग चिरेच्या रेषेवर पहिलं भोक, त्यात टॅपने आटे, आट्यांना सीलंट लावून बिडाची किंवा मऊ पोलादाची पिन आवळायची आणि वरचं डोकं कापून टाकायचं. दुसरं भोक असं पाडायचं की पहिल्या पिनचा थोडा भाग त्यात कापला जाईल. असं पिनला पिन खात पुढे सरकायचं, शेवटी चिरेच्या जागी एकमेकींत अडकलेल्या पिनांची सलग माळ तयार होते. वर हातोडी, मग ग्राइंडर. घासून झाल्यावर रेघ शोधावी लागते. पाचर-आकाराची पिन जास्त आवळली तर ती चीर आणखी फाकवते, म्हणून इथे मनगटाचा अंदाज लागतो. जिथे जोर जास्त येतो तिथे चिरेला आडव्या खाचा करून निकेल मिश्रधातूच्या कळा (दोन्ही काठ जोडणाऱ्या पट्ट्या) ठोकून बसवतात. पिना गळती थांबवतात, कळा दोन्ही काठ धरून ठेवतात. या सगळ्यात हेड तापतच नाही, त्यामुळे नवा ताणही शिरत नाही.

ॲल्युमिनियमच्या हेडला टिग वेल्डिंग चालतं, पण तापल्याने ते नरम पडतं आणि वाकतं, हे धरूनच पुढचं काम करावं लागतं.

नवं हेड मिळत असेल तर एवढा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. चालू मॉडेलचं हेड नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारात सहज मिळत असेल तर तेच घ्यावं. पण खडकीत १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली तेव्हापासून पुण्याने देशाला इंजिनं पुरवली आहेत, आणि त्यांतली कितीतरी जुनी इंजिनं अजून विहिरींवर पाणी उपसतात. ज्यांचे भाग बनणंच थांबलंय, त्यांचं हेड भंगारात टाकणं म्हणजे धडधाकट क्रँक आणि ब्लॉकही भंगारात टाकणं.

मात्र हेडचा तळ आरपार फुटला असेल, किंवा जॅकेट आतून गंजून पातळ झालं असेल, तर पिनांना धरायला धातूच उरत नाही. तिथे थांबावं. दुरुस्ती झाली तर सीट नव्याने कापायच्या, फेसिंग करायचं, म्हणजे तळ मशीनवर सपाट घासायचा, आणि पुन्हा गरम पाण्यातली टेस्ट घ्यायची. डिझेल हेडचं फेसिंग करताना हात आखडता ठेवावा. थोडा धातू गेला तरी वाल्व पिस्टनच्या जवळ येतात, म्हणून तळापासून वाल्व किती आत बसतात ते डेप्थ गेजने मोजूनच हेड बसवावं.