पार्श्वभूमी: नाकाच्या वाटेवरची कॅरोटिड आणि तिच्या भागांचा घोळ

नाकाच्या वाटेने पिट्युटरीपर्यंत, म्हणजे मेंदूखालच्या संप्रेरक ग्रंथीपर्यंत, जाण्याची शस्त्रक्रिया १९०७ सालची, इन्सब्रुकची. मधल्या काळात ती मागे पडली. १९६० च्या दशकात पॅरिसला क्ष-किरणांच्या पडद्यामुळे आणि माँट्रियलला मायक्रोस्कोपमुळे ती परत आली. तोवर कॅरोटिडपासून (ग्रंथीच्या दोन्ही बाजूंनी मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीपासून) वाचण्याचा उपाय सोपा होता: मध्यरेषा सोडायची नाही. १९९० च्या दशकात दुर्बीण (एंडोस्कोप) आली, क्लायव्हस (कवटीच्या तळाचा मधला उतरता भाग) आणि पेट्रस हाडाचे (आतला कान असलेल्या हाडाचे) टोकही टप्प्यात आले, आणि हा उपाय तोकडा पडला. आता कॅरोटिड टाळून भागत नाही, ती शोधावी लागते.

शोधायची म्हटली की भागांची नावे लागतात, आणि घोळ तिथेच आहे. १९३८ साली अँजिओग्राफीच्या (धमन्यांत औषध सोडून काढलेल्या क्ष-किरण) चित्रांवरून कवटीतल्या कॅरोटिडचे पाच भाग पाडले गेले, तेही रक्तप्रवाहाच्या उलट दिशेने: सी-१ मेंदूकडे, सी-५ कॅव्हर्नस सायनसच्या (पिट्युटरीच्या बाजूच्या शिरांच्या पोकळीच्या) सुरुवातीला. गाठीमुळे धमनी कुठे सरकली हे सांगायला ते पुरेसे होते. पेट्रस आणि मानेतला भाग त्यात नव्हताच. १९९६ साली प्रवाहाच्या दिशेने सात भाग आले, सी-१ ते सी-७: मानेतला, पेट्रस, लॅसरम, कॅव्हर्नस, क्लिनॉइड, ऑफ्थॅल्मिक, कम्युनिकेटिंग. अक्षर तेच ठेवून आकडे फिरवले, हा निर्णय आजही खटकतो. जुन्या अहवालातला सी-५ कॅव्हर्नसची सुरुवात, नव्यातला सी-५ क्लिनॉइड. कोणती पद्धत हे लिहिलेले नसेल तर नुसत्या आकड्याला काही अर्थ नाही.

सर्वांत जास्त वाद सी-३ म्हणजे लॅसरमचा. कॅरोटिड फोरॅमेन लॅसरमच्या, म्हणजे कवटीच्या तळातल्या भोकाच्या, वरून जाते, आरपार नाही. भोक खालून तंतुमय कूर्चेने बंद असते. पेट्रोलिंग्वल लिगामेंट, म्हणजे दोन हाडांमधला तंतूंचा पट्टा, ही सी-३ आणि सी-४ मधली सीमा. ती कवटी वरून उघडणाऱ्याला उपयोगी, कारण त्याला ती दिसते. नाकातून पाहणाऱ्याला ती धमनीच्या आड, बाहेरच्या अंगाला असते. त्याला समोर दिसतो तो क्लायव्हसच्या कडेने सरळ वर चढणारा खांब, ज्यात सी-३ चा वरचा आणि सी-४ चा सुरुवातीचा भाग एकत्र येतो. म्हणून २०१४ साली दुर्बिणीतून दिसणाऱ्या खुणांवर सहा भागांची मांडणी आली: पॅराफॅरिंजियल, पेट्रस, पॅराक्लायव्हल, पॅरासेलर, पॅराक्लिनॉइड आणि ड्युराच्या (मेंदूच्या बाहेरच्या आवरणाच्या) आतला. कागदावर ती कमी काटेकोर. ऑपरेशन टेबलावर मात्र जास्त खरी.

पॅराक्लायव्हल भागाच्या खालच्या टोकाची खूण म्हणजे व्हिडियन कालवा, हाडातली मज्जातंतूची वाट. स्फेनॉइडच्या (नाकामागच्या पोकळ हाडाच्या) तळातून तो मागे थेट लॅसरमजवळच्या वळणाशी पोचतो. आधी कालव्याच्या खालच्या आणि आतल्या बाजूचे हाड डायमंड बरने (हिऱ्याच्या कणांच्या ड्रिलच्या टोकाने), भरपूर पाणी सोडत घासायचे. वळण पक्के दिसेपर्यंत वरच्या बाजूला हात लावायचा नाही. लॅसरमची कूर्चा चिवट असते. ती ओढून काढली तर ताण धमनीच्या भिंतीवर येतो. धारदार कात्रीने कापलेली बरी.

स्फेनॉइडच्या पोकळीतले, म्हणजे स्फेनॉइड सायनसमधले, हाडाचे पडदेही असेच. त्यातला एखादा मध्यभागी न टेकता कॅरोटिडच्या हाडावर टेकलेला असतो, आणि चिमट्याने पिळून मोडला की ते पातळ हाड धमनीसकट फाटते. म्हणून तो ड्रिलने उतरवायचा. हाड अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ असणे नेहमीचेच. काही जणांत ते नसतेच, धमनी आणि सायनसमध्ये फक्त ड्युरा आणि श्लेष्मल आवरण उरते. दोन कॅरोटिडमधले अंतर क्वचित ४ मिमीपर्यंत उतरते. अ‍ॅक्रोमेगलीच्या (वाढीचे संप्रेरक जादा होण्याच्या आजाराच्या) रुग्णांत धमन्या वाकड्या आणि रुंद असू शकतात. आधीची शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन झाले असेल तर चिकटलेल्या. त्यामुळे सीटी अँजिओचे (धमन्यांच्या सीटी स्कॅनचे) काप आदल्या दिवशी स्वतः पाहायचे, आणि हाड काढण्याआधी डॉपलरचा प्रोब (रक्तप्रवाह ओळखणारी कांडी) लावायचा.

धमनी फाटलीच तर पूर्वी स्फेनॉइड सायनस बोळ्यांनी गच्च भरत. रक्त थांबे, पण कधीकधी धमनीही बंद होऊन पक्षाघात येई. २०१० च्या आसपास मेंढ्यांवरच्या प्रयोगांतून ठेचलेल्या स्नायूचा तुकडा छिद्रावर दाबून धरण्याची रीत रुळली. तेव्हा दोन सक्शन लागतात, एक दुर्बीण स्वच्छ ठेवायला, एक रक्त एका बाजूला खेचायला. रक्तदाब मुद्दाम पाडत नाहीत. लगेच अँजिओग्राफी, आणि पहिली साफ आली तरी काही दिवसांनी पुन्हा, कारण खोटा अ‍ॅन्युरिझम (फाटलेल्या भिंतीबाहेर रक्ताने धरलेला फुगा) उशिरा फुगतो. कॅथ लॅबला (अँजिओग्राफी करणाऱ्या विभागाला) निरोप देताना नुसते ‘पॅराक्लायव्हल’ पुरत नाही. लिगामेंटच्या वर फाटले असेल तर कॅव्हर्नस सायनसशी फिस्ट्युला (धमनी आणि शिरेचा थेट जोड) होऊ शकतो, खाली असेल तर धोका वेगळा. त्यामुळे तिथे अजूनही सी-३ की सी-४ हे सांगावेच लागते, आणि सोबत साल १९९६.